पाणथरीचं शूटिंग

जिन्यात लाइट गेली आणि माझ्या अंगावर टीव्ही आला.

नुसता टीव्ही नव्हे, तो छातीशी कवटाळून जिना चढणारा एक माणूसही होता. पण अंधारात मला आधी कळला तो टीव्हीचा कोपरा. तोही नेमका डाव्या बरगडीखाली, जिथे मी गेले कित्येक महिने कुणाला बोटसुद्धा लावू देत नव्हते.

“अहो, दिसत नाही का?” मी किंचाळले.

“नाही ना दिसत. लाइट गेलीय.”

काय पण शांतपणा! मी इथे कळवळतेय आणि हा मला विजेची हकिगत सांगतोय.

“जरा ही वायर धरता का? पायात येतेय माझ्या.”

आणि मी धरली. का धरली, देव जाणे. एक पायरी तो, एक पायरी मी, अशी आमची वरात वर निघाली.

“पेशंटकडच्या का तुम्ही?” अंधारातून प्रश्न आला.

“तसंच समजा.”

“मग तुम्हाला माहीतच असेल. उद्या मोठं ऑपरेशन आहे इथे. एका बाईच्या पाणथरीवर, म्हणजे प्लीहेवर, पाण्याचा फुगा झालाय, हा एवढा, नारळाएवढा! मुंबईचे डॉक्टर येणारेत. पोट फाडायचं नाही, नुसती बारीक भोकं पाडायची, आत कॅमेरा सोडायचा आणि टीव्हीवर बघून काम करायचं! आणि त्याचं शूटिंग मी करणार.” मग आवाज जरा उतरवून, “बिचारी म्हातारी... सोसवू दे तिला.”

“म्हातारी कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. पण अशी दुखणी म्हातारपणीच—”

“तेवीस. वय वर्षं तेवीस. आणि ती बिचारी मी आहे.”

नेमकी तेव्हाच लाइट आली. कपाळावर घाम, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि डोळे... डोळ्यांचं राहू दे. ते आधी माझ्याकडे वळले, मग माझ्या हातातल्या वायरीकडे, मग पायरीकडे. कान लालबुंद.

“मग... वायर राहू द्या,” तो म्हणाला. “मी दातांत धरतो.”

नाव विचारलं तर म्हणे चुडामण. वडिलांच्या आजोबांचं नाव होतं ते, आणि पंचविशीतल्या या माणसाला ते ठेवलेलं. मूळ गाव भालोद, दुकान जळगावात, धंदा लग्नाच्या शूटिंगचा. मी मनात म्हटलं, झालं! आपलं पोट आता वऱ्हाडं टिपणाऱ्याच्या हातात.

ही शहाण्णव सालची गोष्ट. आमचं घर असोद्याला, केळी आणि कपाशीची शेती. मी जळगावच्या एका शाळेत गणित शिकवायची, रोज एसटीने जाऊन-येऊन. दोन घास खाल्ले की पोट तुडुंब व्हायचं आणि डाव्या बाजूला काहीतरी जड लोंबतंय असं वाटायचं. आई म्हणाली, वात आहे. मग म्हणाली, नजर लागली. मग तिने भिकुबाईला बोलावलं.

भिकुबाई म्हणजे आमच्या गल्लीची सर्जन. पाणथरी वाढली की ती बिब्बा तापवून डाव्या कुशीवर डाग देते. मी बी.एड. झालेली, पोरांना वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवणारी बाई, आणि तरी आईने माझे हात धरले नि भिकुबाईने डाग दिले. चांगले काळेकुट्ट, रुपयाएवढे. फुगा आत मजेत वाढत राहिला.

शेवटी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला जळगावला सोनोग्राफीला नेलं. डॉक्टर नारखेड्यांनी समजावून सांगितलं, “पूर्वी असतं तर बरगडीखाली वीतभर कापून आख्खी पाणथरीच काढली असती. पण पाणथरी रक्त गाळते, जंतूंशी लढते. तरुण पोरीची उगाच कशाला काढायची? कुत्र्यापासून होते ती गाठ नाही, रक्त तपासलंय. तेव्हा दुर्बिणीने आत शिरायचं, फुग्यातलं पाणी ओढून घ्यायचं, त्याचं वरचं छप्पर कापून टाकायचं. पाणथरी जागच्या जागी.”

“परत भरणार नाही ना?” मी विचारलं.

“भरतो कधीकधी. म्हणून सहा महिन्यांनी सोनोग्राफी, मग दरवर्षी.”

हे मी ऐकलं. आईने काय ऐकलं? तिने विचारलं, “डाग राहीन का?”

“अगदी बारीक. दिसायचेसुद्धा नाहीत.”

“दिसनार नी ना? मंग करा.”

“आई, बिब्ब्याचे एवढाले डाग आहेत ना आधीच!”

“थे येगळे. बिब्बा घरचा हाये.”

आता याच्यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

ऑपरेशनच्या दिवशी मला भूल दिलेली होती म्हणून मी वाचले. नाहीतर जे झालं ते पाहून मी तिथेच उठून चालू लागले असते. डॉक्टरांनी मोठ्या मनाने सांगितलं होतं की नातेवाइकांना बाहेरच्या खोलीत टीव्हीवर ऑपरेशन बघता येईल. डॉक्टरांना असोदा माहीत नव्हतं. असोद्यात नातेवाईक नाही असा माणूस दाखवा! ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली. बरोबर शेव-मुरमुरे.

मी हे सगळं नंतर ऐकलं, पण इतक्या जणांकडून ऐकलं की मी स्वतः पाहिल्यासारखंच झालं. टीव्हीवर माझं पोट आतून दिसायला लागलं तशी सगळी खोली पुढे सरकली. मग कुणीतरी विचारलं, “थे काय हालू राह्यलं?” दुसऱ्याने सांगितलं, “काळीज असंन.” तिसरा म्हणाला, “काळीज पोटात ऱ्हाते का रे?” मग निळसर, ताणलेला फुगा दिसला. दुर्बिणीच्या बारीक चिमट्याने त्याला टोचलं आणि पाणी ओढून घेतलं तशा बायांनी चक्क टाळ्या वाजवल्या. भिकुबाई म्हणाली, “पाह्य! माह्या बिब्ब्यानं फुगा वरच्या वर थांबेल व्हता, म्हनून डाक्टरले सोपं गेलं.”

आबा मात्र टीव्हीकडे पाठ करून बसले होते म्हणे. टाळ्या ऐकल्यावर ते उपरणं तोंडाला लावून रडले. हे ऐकलं आणि मला कुणाचा राग करावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दारातून चुडामणचं डोकं आत आलं.

“येऊ का? फार छान आलं...”

“काय छान आलं?”

“रेकॉर्डिंग. मी आत कोपऱ्यात व्हीसीआर घेऊन उभा होतो ना. मुंबईचे डॉक्टरसुद्धा म्हणाले, चित्र स्वच्छ आहे.” तो घुटमळला. “एक बोलू? रागावणार नसाल तर... तुमची पाणथरी फार सुंदर आहे हो.”

मला हसू आलं आणि टाके ओढले गेले. आधी दुखणं, त्यात हा!

“हसवू नका! दुखतंय.”

“खरंच सांगतो. फुग्याचं छप्पर निघालं ना, तशी खालून ती दिसली. अशी तुकतुकीत, जांभळी... आपल्या भरताच्या वांग्यासारखी.”

“आमच्या असोद्याची भरताची वांगी हिरवी असतात! पांढरट हिरवी! भालोदचे ना तुम्ही? एवढंही माहीत नाही?”

“माहीत आहे हो,” तो खाली बघत म्हणाला. “पण तुम्ही समोर असलात की मला हिरवं-जांभळं काही सुचत नाही.”

असं बोलून हा माणूस पळाला. पळाला म्हणजे अक्षरशः! चप्पल दारात राहिली, ती न्यायला परत आला आणि मान वर न करता गेला.

त्यानंतर त्याचं जे सुरू झालं त्याला काय म्हणायचं ते मला आजही ठरवता आलेलं नाही. डॉक्टरांनी आम्हाला ऑपरेशनची एक कॅसेट दिली होती. चुडामणने आबांना पटवलं की कॅसेट नुसती पेटीत ठेवली तर चिकटते, तिला मधूनमधून पुढे-मागे फिरवून आणावी लागते. आबांना खरं वाटलं. मग हा दर काही दिवसांनी असोद्याला यायचा, व्हीसीआर खांद्यावर टाकून. माझं पोट पुढे फिरवायचा, माझं पोट मागे फिरवायचा, चहा घ्यायचा आणि जायचा.

“कॅसेट कशी आहे?” मी विचारायची.

“बरी आहे. पण अजून काही दिवस लक्ष ठेवावं लागेल.”

“चिकटेल?”

“चिकटते हो... नाही म्हटलं तरी.” आणि असा बघायचा की मी त्याच्या चहात दोनदा साखर घालायची.

बस्स! एवढंच! पुढे एक अक्षर नाही. सबंध जळगाव जिल्ह्यातल्या नवरदेव-नवरीला ‘जवळ या, आणखी जवळ, लाजू नका’ म्हणून हा ओरडतो. स्वतःवर वेळ आली की वाचा बसते. मी रात्री अंथरुणावर त्याच्या वतीने वाक्यं जुळवायची. मला तो आवडत होता, सरळ सांगते, फार आवडत होता. पण मी होऊन बोलायचं म्हणजे... छे! एवढं तरी त्याने करावं की नाही?

तेवढ्यात धुळ्याचं स्थळ आलं.

मुलगा लीलाधर, बँकेत. माणसं आमच्यातलीच, पण धुळ्यात दोन पिढ्या काढल्याने बोली पार अहिराणी झालेली. आईने मला माजघरात ओढलं. “आपरेशनचं नको सांगजो.”

“का?”

“बेंबीपाशी टाका हाये तुह्या. कॅम्पात पोरं बंद करायचं बायांचं आपरेशन करता, त्याहिले बी तिढीच टाका ऱ्हाते. लगन नी झालं, अन् पोरीले असा टाका? कोन काय समजीन?”

“म्हणूनच आधी सांगायचं! नंतर दिसल्यावर काय समजतील? आणि दरवर्षी सोनोग्राफीला कोणत्या तोंडाने येऊ माहेरी? फुगा परत भरला तर?”

“नी भरत. बिब्ब्याचे डाग हायेत म्हनून सांगू बठ्ठे.”

“आई, अख्ख्या गावाने टीव्हीवर पाहिलंय!”

“गाव आपलं हाये,” आई म्हणाली.

आणि खरंच, गाव आपलं निघालं. पाहुणे बघायला आले त्या दिवशी सगळ्यांनी अशी काही तोंडं शिवली की विचारू नका. नुसती शिवली असती तरी चाललं असतं. पाहुण्यांना पाणी विचारायला जो येई तो न विचारता सांगे की आमची हेमलता कधी शिंकलीसुद्धा नाही. भिकुबाई तर म्हणाली, “या पोरीनं दवाखान्याची पायरी पाह्यली नी.” ट्रॉलीत सगळ्यात पुढे बसून आलेली बाई ही! आणि मी ट्रे घेऊन उभी.

लीलाधरची आई शेवंताबाई, मोठी भारदस्त बाई. तिने विचारलं, “तब्बेत बरी शे ना, पोरी?”

मी तोंड उघडलं. आईने माझ्या पाठीला असा काही चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवंताबाईंना वाटलं, पोर लाजाळू आहे. पसंत!

साखरपुडा धुळ्याला ठरला, ऐन उन्हाळ्यात. शूटिंगला कोण? चुडामण! आईचाच हिशोब. बाहेरच्या माणसांत ऑपरेशनचं एकट्या त्यालाच ठाऊक होतं, तेव्हा त्याला आपल्या बाजूला बांधून ठेवायचं. त्याच्याकडून तिने देवासमोर शपथ घेतली की तो काही बोलणार नाही.

मी त्याला दुकानात जाऊन गाठलं. “तुम्ही ही ऑर्डर घेतलीत?”

“तुमच्या आईंनी... शपथ घातली.”

“आणि तुम्हाला स्वतःला काही म्हणायचं नाही?”

तो काउंटरवरची धूळ बोटाने पुसत राहिला. “मुलगा बँकेत आहे म्हणे.”

“हो. आहे.”

“चांगलं आहे... माझं दुकान भाड्याचं आहे.”

“मी दुकानाचं विचारलं का?”

“नाही.”

“मग?”

“मग... काय घालणार आहात त्या दिवशी? नाही म्हणजे, लाल रंग कॅमेऱ्यात फाटतो, कडेने पसरतो.”

मी तिथून निघाले ती रडतच स्टँडवर आले. संताप, संताप नुसता! आणि घरी आल्यावर मुद्दाम लालभडक साडी काढून ठेवली.

धुळ्याला त्यांच्या गच्चीवर मांडव घातला होता. वरून कापड आणि खालून फरशी, दोन्ही तापलेले. मी पाटावर, समोर लीलाधर, भोवती ट्रॉलीतलं सगळं असोदा. आणि समोर कॅमेरा डोळ्याला लावून हा.

त्या काळात शूटिंगवाल्याचा शब्द म्हणजे भटजींच्या वरचा. तो ‘थांबा’ म्हणाला की अक्षताही हवेत थांबायच्या. शेवंताबाई कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याकडे वाकल्या आणि चुडामण म्हणाला, “थांबा. लाइट कमी आहे.”

भर दुपारी, धुळ्यात, वैशाखात लाइट कमी!

त्याने हॅलोजन इकडचा तिकडे केला. शेवंताबाई पुन्हा वाकल्या. “थांबा. मागची मंडळी जरा सरका.” मंडळी सरकली. बाई तिसऱ्यांदा वाकल्या. “थांबा, थांबा... कॅसेट बदलतो.” नवी घातली. मग म्हणे सेल उतरलाय. मग म्हणे लेन्सवर माशी बसली. भटजींनी पंचांगाने वारा घ्यायला सुरुवात केली. शेवंताबाईंच्या बोटावरचं कुंकू वाळून गेलं.

“काय रे भाऊ,” त्या वैतागल्या, “तुन्हा कॅमेरा शे का घोडं?”

तेव्हा त्याने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. घामाघूम झाला होता. मला सगळं समजलं. हा मुहूर्त लांबवतोय, हा वेडा! शपथ मोडता येत नाही, मला सोडवत नाही, म्हणून माशी हाकतोय. वाटलं, उठून याच्या एक कानाखाली द्यावी. पाच मिनिटं थांबवून काय होणार होतं? बोलायचं तर कुणीतरी बोलायलाच हवं होतं, आणि पोट माझं होतं.

“काकू,” मी शेवंताबाईंचा हात धरला. “कुंकू लावायच्या आधी ऐका. माझं डिसेंबरात ऑपरेशन झालंय. पाणथरीवर पाण्याचा फुगा होता. दुर्बिणीने काढला. पाणथरी शाबूत आहे, मी बरी आहे. पण फुगा परत भरू शकतो. दरवर्षी तपासावं लागणार. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय.”

आईने कपाळावर हात मारला. भिकुबाईने पदर तोंडात कोंबला.

लीलाधर बिचारा सज्जन. “आता दुखत नाही ना?” एवढंच त्याने विचारलं.

शेवंताबाई मात्र सरळ आमच्या मंडळींकडे वळल्या. “आपरेशन व्हयनं ते व्हयनं, त्यामा काय लाज शे? दुखणं कोनले चुकनं? पन तुम्हना बठ्ठा गाव आमना तोंडवर खोटं बोलना! आज हाई दपाडं, सकाय काय दपाडशात?” आज हे लपवलंत, उद्या काय लपवाल, असं विचारून त्यांनी करंडा बंद केला. “पोर खरी शे. बाकीसनं आम्हले नको.”

मला त्या बाईंचा राग आलाच नाही. बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी आम्हाला जेवू घालून पाठवलं, तेही मानाने. आबा जेवताना मला हळूच म्हणाले, “बरं केलं, पोरी.” आई परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत रडली आणि पारोळ्यापासून पुढे भांडली.

पण त्याच्या आधी, आम्ही निघत असताना, खाली जिन्यापाशी चुडामण आला. वायरी गळ्यात, चेहरा उतरलेला.

“मॅडम... एक बोलायचं होतं.”

बोल बाबा! एकदाचा बोल!

“हे ऑपरेशनचं वगैरे... म्हणजे धुळ्याच्यांना नाही चाललं... पण मला... मला चालेल.”

“काय म्हणालात?”

“मला चालेल.”

“चालेल? मी काय जुना टीव्ही आहे? काच तडकलीय, पण चित्र बरं येतं, चालेल? मोठे उपकार! ज्याला मी ‘चालते’ त्याच्याकडे मला जायचंच नाही. निघा तुम्ही!”

तो निघाला. खरंच निघाला! म्हटलं म्हणून निघायचं असतं का?

मग तो असोद्याला आलाच नाही. कॅसेट पेटीत पडून राहिली. आबा म्हणाले, आता चिकटेल. मी म्हटलं, चिकटू द्या. आई रोज सकाळी ताक घुसळताना धुळ्याचं नाव काढायची. मी आतल्या आत रोज त्याच्याशी भांडायची. त्याच्या बाजूची उत्तरंही मीच द्यायची, आणि ती इतकी चांगली असायची की मला अजून राग यायचा.

जूनमध्ये तपासणीची वेळ आली. मी आबांबरोबर उपाशीपोटी जळगावला गेले. चार दिवसांपासून डाव्या कुशीत पुन्हा जडजड वाटत होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. खरं सांगते, मी घाबरले होते. आबा समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेले, आणि मी बाकावर नंबराची वाट बघत बसले.

“हेमलता.”

चुडामण. आज हातात टीव्ही नाही, कॅमेरा नाही, काही नाही. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

“आबांनी सांगितलं आजची तारीख आहे म्हणून,” तो म्हणाला. “मला ते ‘चालेल’ म्हणायचं नव्हतं. मला वेगळंच म्हणायचं होतं, ते नीट जमलं नाही. मला तू हवी आहेस. चालणारी नाही, भांडणारी, ओरडणारी, वांगी हिरवी असतात म्हणून सांगणारी. मी ऑपरेशनआधी जिन्यातच... म्हणजे तेव्हाच झालं होतं माझं. लग्न करशील माझ्याशी?”

एका दमात! एवढे महिने गप्प, आणि आता बाकावर बसलेल्या पाच-सहा पेशंटसमोर!

“आत्ता?” मी कुजबुजले. “अरे, माझा नंबर लागतोय! रिपोर्ट तरी येऊ दे.”

“नाही. रिपोर्टनंतर विचारलं आणि तो चांगला निघाला, तर तू म्हणशील बघून विचारलं. वाईट निघाला तर म्हणशील दया आली. तुझा स्वभाव मला कळलाय. म्हणून आधीच विचारतोय.”

मी उत्तर द्यायच्या आत नर्सने माझं नाव पुकारलं.

पोटावर तो थंड चिकट पदार्थ लावला आणि डॉक्टरांनी यंत्र फिरवायला सुरुवात केली. मी छताकडे बघत पडले होते. काही निघू नये, काही निघू नये, एवढंच मनात. डॉक्टर एका जागी थांबले. परत तिथेच फिरवलं.

“थोडं पाणी दिसतंय,” ते म्हणाले. “लिंबाएवढं. घाबरायचं नाही. बऱ्याचदा तेवढंच राहतं. वाढलं तर परत दुर्बीण आहेच. दर सहा महिन्यांनी येत जा.”

मी पोट पुसलं, साडी नीट केली. बाहेर आले. तो तिथेच उभा होता. माझ्या हातातल्या कागदाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

“हो का नाही?” त्याने विचारलं.

“आधी विचार ना, काय निघालं ते!”

“तू सांग, मग विचारतो.”

“अरे पण—”

“हो का नाही?”

“काय माणूस आहेस तू! हो! हो! हो म्हटलं ना! आता तरी विचार!”

बाकावरची एक म्हातारी खुदकन हसली. त्याने मोठा श्वास घेतला.

“काय निघालं?”

“पाणी,” मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं. “थोडं परत भरलंय.”

त्याने खिशातून रुमाल काढला. मळका होता, तरी मी घेतला.

“बरं,” तो म्हणाला. “मग पुढच्या वेळी आपण कधी यायचं?”